ताप मोजतो, मग श्वास का नाही?

घरात कुणी आजारी पडलं की आपला हात पहिल्यांदा कपाळावर जातो. मग थर्मामीटरची शोधाशोध होते. करोनानंतर बऱ्याच घरांत ऑक्सिमीटर आलं, रक्तदाबाचं यंत्र त्याआधीपासूनच आहे. आजारी माणूस मिनिटाला किती श्वास घेतोय हे मोजायला मात्र यातलं काहीच लागत नाही, सेकंदकाट्याचं घड्याळ पुरतं, आणि नेमकं तेच कुणी मोजत नाही. घरच्यांचं सोडा, नाडी आणि रक्तदाब काटेकोर लिहायचे, पण श्वासाच्या रकान्यात सगळ्या वॉर्डाला सरसकट १८ नाहीतर २० टाकून मोकळं व्हायचं, ही खोड रुग्णालयांतही आढळते. जिवाणूंमुळे होणारा न्यूमोनिया लवकर ओळखायचा, तर या दुर्लक्षित आकड्याइतकं स्वस्त आणि भरवशाचं साधन दुसरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली पाच वर्षांखालच्या ७ लाख ४० हजार मुलांचा जीव न्यूमोनियाने घेतला. त्या वयातल्या एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण १४ टक्के भरतं. यातले बरेच मृत्यू औषध नव्हतं म्हणून झाले नाहीत, तर औषध वेळेवर पोचलं नाही म्हणून झाले.

न्यूमोनियात नेमकं काय होतं, ते पाहू. आपण आत घेतलेली हवा नळ्यांच्या फाट्याफाट्यांतून शेवटी वायुकोशांत पोचते. मोठ्या माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून असे कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांची भिंत इतकी पातळ, की पलीकडच्या केशवाहिनीतलं रक्त त्यातून प्राणवायू उचलतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडून देतं. जिवाणू इथवर पोचले आणि वाढू लागले की शरीर पांढऱ्या पेशींची फौज धाडतं. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, वायुकोशांत हवेच्या जागी द्रव, पू आणि मेलेल्या पेशी भरतात. लढाई शरीर आपल्याच घरात लढत असतं, त्यामुळे नुकसानीचा मोठा वाटा त्या लढाईचाच असतो. जुन्या काळी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना अशा फुफ्फुसाचा तुकडा यकृतासारखा घट्ट आणि लालसर दिसे. निरोगी फुफ्फुस पाण्यावर तरंगतं, हा तुकडा बुडे.

असं भरलेलं फुफ्फुस भिजलेल्या गोधडीसारखं जड होतं, ते दरवेळी पुरतं फुलवणं शरीराला झेपत नाही. म्हणून शरीर उथळ पण भराभर श्वास घेऊन गरज भागवतं. रक्तातला प्राणवायू लक्षात येण्याइतका घसरायच्या आधीच हा वेग वाढू शकतो. ऑक्सिमीटर ९६ दाखवतंय म्हणून निर्धास्त बसलेल्या घरात रुग्ण मिनिटाला ३० श्वास घेत असेल, तर ते ९६ त्याने धापा टाकून टिकवून धरलेले असतात.

हे जिवाणू येतात कुठून? बहुतेक वेळा ते लांबून येत नाहीत. न्यूमोनियाचा सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे न्यूमोकोकस, आणि तो कित्येक धडधाकट मुलांच्या नाकाघशात काही त्रास न देता राहत असतो. झोपेत घशातला स्राव सगळ्यांच्याच श्वासनलिकेत थोडाफार उतरतो. नळ्यांवरची सूक्ष्म केसाळ झाडणी आणि खोकला तो परत वर ढकलतात. ही झाडणी बिघडली की जिवाणूंचं फावतं. ती बिघडवणाऱ्यांत पहिला क्रमांक फ्लूसारख्या विषाणूंचा, मग तंबाखूचा धूर, दारू, आटोक्यात नसलेला मधुमेह, कुपोषण आणि वार्धक्य. साधं सर्दी-पडसं उतरणीला लागलं होतं आणि अचानक पुन्हा ताप चढला, धाप लागली, तर विषाणूने मोडलेल्या दारातून जिवाणू आत शिरले असावेत अशी शंका घ्यायला हवी. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने जून महिन्यात मुंबई गाठली आणि तिथून पुढे देशभर कोटीच्या घरात माणसं मारली. त्या साथीतल्या जगभरच्या जुन्या शवविच्छेदनांचे नमुने आणि अहवाल २००८ साली अमेरिकी संशोधकांनी पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेकांचा शेवट फ्लूमागून आलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाल्याचं दिसलं. ‘पावसात भिजला म्हणून न्यूमोनिया झाला’ या आपल्या आवडत्या निदानात मात्र फारसा दम नाही. पावसापेक्षा पावसाळ्यातल्या बंद, दाटीच्या खोल्या आणि त्यात एकमेकांवर खोकणारी माणसं जास्त जबाबदार असतात.

मोठ्या माणसात आजार ठसठशीत असेल तर चित्र सहसा असं दिसतं: एकाएकी हुडहुडी भरून ताप, खोकला, आणि खोल श्वास घेताना एका बाजूच्या बरगडीत उठणारी कळ. बेडका पिवळट, हिरवट किंवा चक्क गंजाच्या रंगाचा पडतो. छाती बोटांनी ठोकून आतला आवाज ऐकण्याची युक्ती ऑस्ट्रियातल्या आवेनब्रुगर या डॉक्टरने १७६१ साली मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात दारू कुठवर भरली आहे हे ठोकून ओळखताना त्याने वडिलांना पाहिलं होतं असं सांगतात. भरलेल्या फुफ्फुसावर ठोकलं की आवाज बद्द येतो. १८१६ मध्ये पॅरिसच्या लाएनेक या डॉक्टरने स्टेथोस्कोप बनवला आणि त्यातून ऐकू येणाऱ्या बारीक चरचरीला नाव दिलं. डॉक्टर आजही पाठीला नळी लावून ‘जोरात श्वास घ्या’ म्हणतात, ते हाच आवाज शोधत असतात. १८८४ साली बर्लिनमध्ये हान्स ख्रिस्तियन ग्राम हा डॅनिश डॉक्टर न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुफ्फुसात जिवाणू शोधत होता. त्यासाठी त्याने एक रंगप्रक्रिया बसवली. काही जिवाणू जांभळा रंग धरून ठेवत, काही सोडून देत. बेडक्याच्या किंवा लघवीच्या रिपोर्टवर ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’ आणि ‘ग्रॅम निगेटिव्ह’ असं जे छापलेलं असतं, ती या माणसाची आठवण. कोणतं अँटिबायोटिक चालेल, याचा पहिला अंदाज त्यावरून बांधता येतो.

लहान मुलांची गोष्ट वेगळी. तान्हं बाळ बरगडीत दुखतंय म्हणून सांगत नाही, बेडका थुंकत नाही, गिळून टाकतं. ‘बाळाला कफ झालाय’, ‘डब्बा झालाय’, ‘पोट उडतंय’ असं घरातल्या बायका म्हणतात, आणि त्यातलं पोट उडणं हे फार अचूक निरीक्षण असतं. प्रश्न एवढाच, की खोकणाऱ्या शंभर मुलांतली बहुतेक साध्या सर्दीची असतात. त्यातून न्यूमोनियाची चार-दोन मुलं एक्स-रेशिवाय, डॉक्टरशिवाय कशी वेचायची? पापुआ न्यू गिनीतल्या गोरोका इथे काम करणाऱ्या फ्रँक शान या बालरोगतज्ज्ञाने १९८०च्या दशकात याचं उत्तर दिलं. छाती ऐकण्यापेक्षा मुलाचा श्वास मोजा आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का ते पाहा. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने त्यावरून मर्यादा ठरवल्या. दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे वेगवान. खोकला किंवा श्वासाच्या त्रासाबरोबर असा वेग असेल, तर तो न्यूमोनिया धरायचा.

या सूत्राची मोठी परीक्षा महाराष्ट्रात झाली, गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८-८९ मध्ये तिथल्या काही गावांत लोकांना मुलांच्या न्यूमोनियाची माहिती दिली आणि उपचाराची जबाबदारी निमवैद्यकीय कर्मचारी, गावातले आरोग्यसेवक आणि चक्क दाया यांच्यावर सोपवली. श्वास मोजायचा, ठरल्या मर्यादेच्या वर गेला की को-ट्रायमोक्साझोल हे स्वस्तातलं औषध द्यायचं. शेजारच्या तुलनेच्या गावांत नेहमीची सरकारी-खासगी सेवा होती तशीच होती. वर्षभरानंतर पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५ होते, उपचाराच्या गावांत ८.१. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे: या सेवकांनी ज्या मुलांवर उपचार केले, त्यांतली ०.८ टक्के दगावली. तुलनेच्या गावांत न्यूमोनिया झालेल्यांतली १३.५ टक्के. १९९० साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

दायांपुढे एक अडचण होती. त्यांतल्या बहुतेक निरक्षर, पन्नास-साठपर्यंत आकडे मोजणं त्यांना जमेना. आपल्याकडे अशा वेळी ‘आधी साक्षरता वाढली पाहिजे’ असं भाषण होतं आणि काम तिथेच थांबतं. बंगांनी श्वास मोजायचं एक साधं उपकरण केलं. त्यात एक मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांनंतर एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी गाठला तर न्यूमोनिया. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी एक रांग, त्याहून मोठ्या मुलांसाठी दुसरी. दहापर्यंत मोजता येणारी बाई यातून निदान करू लागली आणि दायांनी हाताळलेल्या मुलांतलं मृत्यूचं प्रमाणही इतरांइतकंच कमी निघालं. वैद्यकीय शिक्षणावर आपला एवढा विश्वास आहे की ही गोष्ट आजही काही डॉक्टरांच्या गळी उतरत नाही. मला तरी महाराष्ट्रात झालेल्या वैद्यकीय संशोधनातलं हे सर्वांत शहाणं काम वाटतं.

मुलाचा श्वास घरी मोजायचा तर पूर्ण एक मिनिट मोजावा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण बाळांचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच धावतो. बाळ शांत किंवा झोपलेलं असावं. रडताना किंवा नुकतं दूध पिऊन झाल्यावर मोजलेला आकडा फसवा असतो. अंगातला कपडा वर करून पोट-छातीची हालचाल पाहावी, आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावा. त्याच वेळी बरगड्यांखाली खळगा पडतोय का, नाकपुड्या फुलताहेत का, बाळ दर श्वासाला कण्हतंय का, हे बघून घ्यावं. बाळ पीत नाही, सुस्त पडलंय, उठवलं तरी नीट जागं होत नाही, झटके आले, ओठ निळसर दिसताहेत, यांतलं काहीही असेल तर आकड्याची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. दोन महिन्यांखालच्या बाळाचा वेगवान श्वास तर नेहमीच गंभीर समजायचा, कारण या वयात जंतू रक्तात पसरायला वेळ लागत नाही आणि ताप येईलच असंही नाही. उलट अंग गार पडू शकतं.

मोठ्यांचा श्वास मोजताना एक चलाखी करावी लागते. ‘तुमचा श्वास मोजतोय’ म्हटलं की माणूस नकळत सावकाश घेऊ लागतो. म्हणून मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवावं आणि छाती मोजावी. निवांत बसलेल्या प्रौढाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. तो २५ च्या आसपास गेला तर डॉक्टर गाठावा आणि ३० झाला तर तातडी समजावी.

वृद्धांच्या न्यूमोनियाविषयी तर स्वतंत्र सांगायला हवं, कारण तो घरच्यांना सर्वांत जास्त चकवतो. ऐंशीच्या आजींना ताप येतोच असं नाही, खोकला जेमतेम असतो. दोन दिवस जेवण कमी होतं, मग त्या नातवाला मुलाच्या नावाने हाक मारू लागतात, बाथरूमला जाताना तोल जातो. ‘वय झालं, आता असंच चालायचं’ म्हणून घरचे थांबतात. अशी अचानक आलेली विसंगत बडबड किंवा गुंगी ही मेंदूच्या म्हातारपणाची नसून शरीरात कुठेतरी जंतुसंसर्ग असल्याची खूण असू शकते, आणि श्वास मोजला तर अनेकदा उत्तर तिथेच सापडतं. डॉक्टरसुद्धा घरी पाठवायचं की भरती करायचं हे ठरवताना ज्या पाच गोष्टी बघतात, त्यांत गोंधळलेपणा आणि तीस किंवा त्याहून जास्त श्वास या दोन आहेतच. उरलेल्या तीन म्हणजे रक्तातला वाढलेला युरिया, घसरलेला रक्तदाब आणि ६५ किंवा त्याहून जास्त वय.

अर्धांगवायूनंतर किंवा स्मृतिभ्रंशात गिळण्याची क्रिया मंदावते आणि तोंडातला घास, लाळ, त्यातले जिवाणू फुफ्फुसात उतरतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आडवं ठेवून चमच्याने पेज भरवणं हे प्रेम फार महागात पडतं. बसवून, मान किंचित पुढे घेऊन, छोटे घास द्यावेत आणि नंतर अर्धा तास तरी पाठ टेकवून बसतं ठेवावं. दोन वेळा दात आणि जीभ स्वच्छ करावी, दात नसले तरी. कवळी रात्री काढून ठेवावी. जपानमध्ये ८५ वर्षांपुढच्या वृद्धांची काही वर्षं पाहणी केली, तेव्हा कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त निघाला. वृद्धांच्या काळजीत आपण सलाइन आणि टॉनिक यांवर जेवढा खर्च करतो, त्याच्या शतांशाने टूथब्रश येतो.

निदानाची खातरजमा एक्स-रेने होते, आणि रक्ताच्या तपासण्या आजार किती जोरात आहे ते सांगतात. आपल्या देशात मात्र आणखी एक प्रश्न कायम समोर ठेवावा लागतो: हा क्षय तर नाही? एक्स-रेवरचा डाग दोन्हींत सारखा दिसू शकतो. खोकला दोन आठवड्यांहून जुना, रात्री घाम, वजनात घट असं असेल तर बेडक्याची क्षयासाठी तपासणी झालीच पाहिजे. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं क्षयाच्या जंतूंनाही काही प्रमाणात दाबतात. दुकानातून आणून ती घेतली की आठवडाभर बरं वाटतं, तपासणीत जंतू सापडत नाहीत, निदान महिनोन्‌महिने लांबतं आणि मग उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात.

औषधांचा इतिहास फार जुना नाही. १९३० च्या दशकाआधी घरचे लोक सातव्या ते नवव्या दिवसाची वाट बघत. त्या सुमाराला एकतर दरदरून घाम फुटून ताप उतरे, नाहीतर माणूस जाई. १९३८ मध्ये सल्फापायरिडिन हे पहिलं परिणामकारक औषध हाती आलं. डिसेंबर १९४३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल ट्युनिशियात न्यूमोनियाने आडवे झाले, तेव्हा त्यांना दिलं ते हेच. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगच्या शेतकरी बापाने लहानग्या चर्चिलला चिखलातून वाचवलं आणि पुढे मुलाच्या पेनिसिलिनने त्यालाच न्यूमोनियातून वाचवलं, हा जो निरोप दर सहा महिन्यांनी फिरत आपल्याकडे येतो, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटा आहे. खुद्द फ्लेमिंग यांनीच तो झटकून टाकला होता. पेनिसिलिन १९४० च्या दशकात वापरात आलं, आणि १९५४ साली युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. देशात पेनिसिलिन तयार करणारा तो पहिला सरकारी कारखाना.

पेनिसिलिनच्याच कुळातलं अमॉक्सिसिलिन आजही साध्या न्यूमोनियात पहिल्या पसंतीचं औषध आहे. मुलांसाठी पाण्यात विरघळणारी गोळी मिळते. बंगांनी वापरलेल्या को-ट्रायमोक्साझोलची जागा आता यानेच घेतली आहे, कारण मधल्या काळात जिवाणू त्या औषधाला सरावले. किती दिवस घ्यायचं, याची समज अलीकडे बदलली. पूर्वी दहा-दहा दिवस दिलं जाई. आता साध्या न्यूमोनियात रुग्ण लवकर सावरला तर पाच दिवस पुरतात असं दिसून आलं आहे. पण ते पाच की सात की जास्त हे डॉक्टर ठरवतो. दोन गोळ्यांनी ताप उतरला म्हणून उरलेली पट्टी कपाटात ठेवायची आणि पुढच्या वर्षी मेव्हण्याला द्यायची, ही आपली काटकसर दोघांनाही नडते. त्याउलट ४८ ते ७२ तासांत काहीच फरक पडला नाही, तर त्याच गोळ्या गिळत बसू नये. औषध चुकीचं असेल, जिवाणू दाद देत नसतील, किंवा फुफ्फुसाभोवती पू साठला असेल. ‘छातीत पाणी झालं’ म्हणतात ते पाणी पूमिश्रित असलं तर नळी घालून काढावं लागतं, गोळ्या तिथवर पोचत नाहीत. भरती झालेल्या रुग्णाला प्राणवायू लावला की नातेवाइकांच्या तोंडचं पाणी पळतं. करोनाने ही भीती आणखी घट्ट केली. न्यूमोनियात प्राणवायू हे औषधच आहे आणि वेळेवर लावलं तर पुष्कळदा व्हेंटिलेटर टळतो.

घरची शुश्रूषा सोपी आहे, अवघड असतं ते नको ते न करणं. भरपूर पाणी, वरणाचं पाणी, ताक, सूप द्यावं. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही अंगदुखी कमी होऊन माणूस नीट खोल श्वास घेऊ शकावा म्हणून. पडून राहण्यापेक्षा पाठीला उशा लावून बसणं बरं. बाळाचं अंगावरचं दूध थांबवू नये, दर वेळी कमी पीत असेल तर जास्त वेळा पाजावं. केळं, दही, अंडं बंद करायला काही आधार नाही. अशक्त माणसाला प्रथिनांची गरज असते, लंघनाची नसते. खोकला दाबणारी सिरप टाळावीत, कारण साठलेलं बाहेर टाकायचा तोच एक मार्ग शिल्लक असतो. वाफेने नाक मोकळं होतं, न्यूमोनिया हलत नाही, आणि उकळत्या पातेल्यावर ओणवलेली मुलं भाजतात. नेब्युलायझर हे शिट्टी वाजणाऱ्या, आकसलेल्या श्वासनलिकांसाठी असतं. हल्ली शहरांत ते घरोघरी मिक्सरसारखं झालंय, पण जिवाणू त्याने मरत नाहीत.

आणि काही जुन्या गोष्टी आता खरोखर सोडायला हव्यात. बाळाच्या नाकात तेल घालू नका, ते थेट फुफ्फुसात उतरून तेलाचाच न्यूमोनिया करतं. अंघोळीनंतर ओवा-लसणाच्या सालींची धुरी देऊ नका. सर्दीवर ब्रँडीचे थेंब चाटवू नका, त्याने बाळ गुंगतं आणि खोकण्याची शक्तीच जाते. पोटावर तापलेल्या लोखंडाचे डाग देणं तर निव्वळ क्रौर्य आहे, आणि मेळघाटातून अशा बातम्या अजूनही येतात. आजींनी हे प्रेमाने केलं हे मान्य. पण त्या काळी दगावलेल्या बाळांची मोजदाद कुणी ठेवली नव्हती.

बरं व्हायला लागणारा वेळ बहुतेकांना कुणी सांगत नाही, आणि मग ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून नवा डॉक्टर शोधला जातो. ताप साधारण आठवड्यात उतरतो. छातीतलं दुखणं आणि कफ महिनाभरात बराच कमी होतो. खोकला आणि धाप सहा आठवड्यांपर्यंत रेंगाळते. थकवा तीन महिनेही टिकतो. वयस्कर माणसाच्या एक्स-रेवरचा डाग औषध लागू पडल्यावरही काही आठवडे तसाच दिसतो. पन्नाशीपुढच्या आणि विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने मात्र सहाएक आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढून घ्यावा, कारण कधी कधी न्यूमोनियाच्या आड गाठ लपलेली असते.

लसींबद्दल थोडक्यात. न्यूमोकोकसचे शंभरावर उपप्रकार आहेत. लस त्यांतल्या जास्त उपद्रवी प्रकारांवर चालते. भारतात ही लस २०१७ मध्ये काही राज्यांत सुरू झाली आणि २०२१ पासून देशभरच्या सरकारी लसीकरणात आली. सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, मग नवव्या महिन्यात असे तीन डोस मोफत मिळतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा उपप्रकारांवरची स्वस्त लस डिसेंबर २०२० मध्ये आणली. बाळांच्या पंचगुणी (पेंटाव्हॅलंट) लसीत हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या दुसऱ्या मोठ्या शत्रूवरचा भाग असतोच. अमेरिकेत २००० सालानंतर मुलांना न्यूमोकोकसची लस देऊ लागल्यावर लस न घेतलेल्या आजी-आजोबांतही हा आजार घटला, कारण नातवंडांच्या नाकातून होणारा पुरवठा थांबला. साठीपुढच्यांनी, मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्यांनी न्यूमोकोकसची आणि दरवर्षीची फ्लूची लस यांविषयी डॉक्टरांशी बोलावं. या स्वतःच्या पैशाने घ्याव्या लागतात.

चुलीच्या धुराबाबत गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. धूर फुफ्फुसांना वाईट यात शंका नाही. पण भारतासह चार देशांत गर्भवती बायकांच्या घरी गॅस पुरवून झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली आले, तेव्हा बाळांतल्या गंभीर न्यूमोनियात ठळक घट दिसली नाही. शेजारच्या घरातला धूर, बाहेरची हवा, दाटी, पोषण हे सगळं तसंच राहिलं असताना एकट्या शेगडीने किती फरक पडणार? गॅस हवाच, त्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही एवढंच. जन्मानंतर सहा महिने फक्त आईचं दूध, वेळेवर लसी आणि घरात कुणीही धूम्रपान न करणं, या तीन गोष्टी मात्र आजच आपल्या हातात आहेत.

न्यूमोनिया अंगावर काढायचा आजार नाही. घरातलं बाळ किंवा म्हातारं माणूस निरोगी असताना एकदा त्याचा श्वास मोजून कुठेतरी लिहून ठेवा, म्हणजे आजारपणात तुलना करता येईल. गावात असाल तर आशाताईंना मोजायला सांगा, त्यांना याचं प्रशिक्षण असतं. आकडा मर्यादेच्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बरोबर छाती आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल किंवा आजोबा भलतंसलतं बोलू लागले असतील, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नका. १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते.